लाल टी की पांढरी? गोल्फमध्ये टी निवडताना या चुका टाळा

"काका, आज लाल टीवरून मारून बघा ना."

"बायकांच्या टीवरून? मी?"

आमच्या रविवारच्या गोल्फच्या गटात हे बोलणं कितीतरी वेळा झालं. टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा; लाल पुढची, पांढरी मागची. काका अडुसष्ट वर्षांचे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा लांब फटका, १७० यार्ड, तोही फेअरवे (मधली कापलेल्या गवताची पट्टी) कोरडा असला तर. पांढऱ्या टीवरून ३७० यार्डांचा पार फोर (चार फटक्यांत पुरा व्हावा असा होल) आला की त्यांचा हिशेब ठरलेला: ड्रायव्हरने १७०, थ्री वूडने १४०, उरलेल्या ६० यार्डांना जवळच्या फटक्याचा वेज आणि मग ग्रीनवर (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) चेंडू घरंगळवायचे दोन पट. सगळं मनासारखं झालं तरी बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त. होल कुठलाही असो, हातात क्लब हेच. मधल्या अंतराचे सेव्हन आयर्न, सिक्स आयर्न आख्खी फेरी पिशवीतच.

एका नोव्हेंबरच्या सकाळी ते कसेबसे तयार झाले. तोच होल पुढच्या टीवरून ३०० यार्डांचा होता. ड्राइव्ह नेहमीसारखाच गेला, पण आता समोर १३० यार्ड उरले होते. त्यांनी हायब्रिड क्लब काढला. चेंडू ग्रीनच्या तोंडाशी पडला आणि हळूहळू घरंगळत झेंड्यापासून सात-आठ पावलांवर थांबला. बर्डी (पारपेक्षा एक कमी) झाली नाही, दोन पटमध्ये पार झाला. काका बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसऱ्या फटक्यात ग्रीनवर येऊन मला चार वर्षं झाली."

त्या दिवसापासून मी हा विषय लावून धरलाय. गोव्यात खेळणारे तसे थोडे. इथले कोर्सही लहान, बहुतेक दक्षिणेतल्या रिसॉर्टांच्या आवारातले: काणकोणला राजबागच्या किनाऱ्यालगत ललितचा नऊ होलचा, बाणावलीला ताज एक्झॉटिकाचा नऊ होलचा छोटेखानी. सुट्टीवर आलेले पाहुणे, नुकते शिकायला लागलेले, निवृत्तीनंतर इथे येऊन राहिलेले, सगळे एकाच कोर्सवर भेटतात. म्हणून टीची चूक इथे फार लवकर डोळ्यांत भरते.

पहिली चूक: कार्ड देताना तोंड बघणं

बाई दिसली की लाल, पुरुष दिसला की पांढरी. बऱ्याच ठिकाणी कार्डावर अजून 'लेडीज' आणि 'मेन्स' असंच छापलेलं असतं. गोल्फच्या नियमांत मात्र असं कुठेही लिहिलेलं नाही. कुठून मारायचं हे कमिटी ठरवते, आणि रंग ही फक्त खूण असते.

माझी भाची एकोणीस वर्षांची आहे, ड्राइव्ह २१५ यार्ड. तिला कायम लालवर पाठवतात. तिथून पार फोरवर तिच्या हातात दुसऱ्या फटक्याला वेजशिवाय काही येतच नाही, त्यामुळे तिचे लांबचे आयर्न कच्चेच राहिले. काकांचं जे झालं तेच तिचं झालं, फक्त उलट्या बाजूने. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली तो महिलांचा कोर्स ६,६४८ यार्डांचा होता. आपल्याकडच्या किती पुरुष सभासदांना ते अंतर झेपेल?

स्टार्टरने (गटांना खेळायला सोडणाऱ्याने), यजमानाने, गटाच्या कप्तानाने एकच प्रश्न विचारावा: "ड्राइव्ह साधारण किती जातो?" तुम्हाला कोणी विचारलं नाही, तर आपणहून सांगा आणि हवी ती टी मागा. त्यात संकोच कसला?

दुसरी चूक: सगळ्यात लांब गेलेला फटका लक्षात ठेवणं

"माझा २३० जातो." जातो, उतारावर, पाठीशी वारा असताना, वर्षातून दोनदा. टी त्या फटक्यावर ठरवू नका. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) किंवा मोकळ्या होलवर दहा ड्राइव्ह मारा. सगळ्यात लांबचे दोन आणि सगळ्यात फसलेले दोन सोडून द्या, उरलेल्या सहांची सरासरी काढा. अंतर मोजायचं लेझर नसेल तर पावलं मोजा. मोठ्या माणसाचं एक लांब पाऊल म्हणजे जवळपास एक यार्ड.

आता हा आकडा कोर्सच्या लांबीशी जुळवायचा. २०११ साली अमेरिकेत यूएसजीए आणि पीजीए ऑफ अमेरिका या गोल्फ संघटनांनी 'टी इट फॉरवर्ड' मोहीम काढली. मूळ कल्पना क्लब बनवणाऱ्या अ‍ॅडम्स गोल्फचे संस्थापक बार्नी अ‍ॅडम्स यांची. त्या मोहिमेचं अठरा होलचं कोष्टक (आधी ड्राइव्ह, मग कोर्सची लांबी यार्डांत) मी आमच्या गटाच्या वहीत पहिल्याच पानावर चिकटवलंय:

ड्राइव्ह २७५ यार्ड: ६,७०० ते ६,९००
२५० यार्ड: ६,२०० ते ६,४००
२२५ यार्ड: ५,८०० ते ६,०००
२०० यार्ड: ५,२०० ते ५,४००
१७५ यार्ड: ४,४०० ते ४,६००
१५० यार्ड: ३,५०० ते ३,७००
१२५ यार्ड: २,८०० ते ३,०००

यात पुरुष आणि बाई असे दोन रकाने नाहीत, फक्त अंतर आहे. नऊ होलसाठी आकडे निम्मे करा. ड्रायव्हर बेभरवशाचा असेल तर आणखी एक ठोकताळा आहे: फाइव्ह आयर्नच्या अंतराला ३६ ने गुणा. १५० यार्ड जात असेल तर ५,४०० यार्डांचा कोर्स तुमचा.

तिसरी चूक: 'लाल म्हणजे सोपी' असं धरून चालणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते, कारण तिच्यापायी नव्या बायका गोल्फ सोडून जातात.

अठरा होलच्या कोर्सवर लाल टी ५,२०० यार्डांची असली की सगळे म्हणतात, बायकांची सोय झाली. पण नव्याने शिकणाऱ्या एखाद्या ताईंचा ड्राइव्ह १३० यार्ड असतो. ५,२०० भागिले १३० म्हणजे चाळीस पट. २५० यार्ड मारणाऱ्या पुरुषाला याच पटीत खेळवायचं तर त्याच्यापुढे १०,००० यार्डांचा कोर्स ठेवावा लागेल. असा कोर्स कोणी बांधत नाही, बांधला तर कोणी खेळणार नाही. आणि ताईंनी मात्र तो दर रविवारी खेळावा, वर सगळ्यांबरोबर वेगही राखावा, अशी आपली अपेक्षा असते.

त्यातच टीसमोर पाण्याचा पट्टा आला तर? ११० यार्ड हवेतून पार करायचे आणि चेंडू हवेतून जातो ९५. तिथे हिंमत उपयोगाची नाही, टीच चुकलेली असते.

म्हणून लालच्याही पुढे एक टी हवी. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या लाँगलीफ कोर्सवर टींना रंग नाहीत, आकडे आहेत. रेंजवर रंगीत खांब रोवलेत. तुमचा चेंडू ज्या खांबापर्यंत जातो त्यावरून तुमची टी ठरते. कोणी विचारत नाही, कोणी सुचवतही नाही.

चौथी चूक: टी बदलली, हॅंडिकॅप तोच ठेवला

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. आमच्या महिन्याच्या स्पर्धेचं बक्षीस किलोभर काजूगर. काका पुढच्या टीवरून खेळून पहिले आले त्या दिवशी तीन जणांनी तोंड फिरवलं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. टी बदलली तरी आम्ही काकांना हॅंडिकॅपचे, म्हणजे कुवतीनुसार सूट मिळणारे, जुनेच फटके दिले होते.

२०२० पासून लागू झालेल्या वर्ल्ड हॅंडिकॅप सिस्टिममध्ये याची सोय आहे. प्रत्येक टीला कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला किती फटके लागतील) आणि स्लोप रेटिंग (साध्या खेळाडूला त्यामानाने किती जड जाईल) असतं. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान, प्रमाण आकडा ११३. सूत्र असं: खेळाडूचा हॅंडिकॅप इंडेक्स गुणिले स्लोप, भागिले ११३, अधिक (कोर्स रेटिंग उणे पार).

समजण्यासाठी आकडे धरू. इंडेक्स २०, पार ७२. पांढऱ्या टीचं पुरुषांसाठी रेटिंग ७०.८, स्लोप १२६. उत्तर २१ फटके. लाल टीचं पुरुषांसाठी रेटिंग ६६.२, स्लोप ११३. उत्तर १४ फटके. म्हणजे पुढे येणारा सात फटके सोडून येतो. हे कार्डावर दिसलं असतं तर आमच्याकडे कोणी तोंड फिरवलं नसतं.

आता इथे एक ठिकाणी नीट लक्ष द्या. एकाच टीला पुरुषांसाठी आणि महिलांसाठी वेगवेगळं रेटिंग असतं, कारण ते काढताना गृहीत धरलेले खेळाडू वेगळे असतात: स्क्रॅच, म्हणजे शून्य हॅंडिकॅपच्या, पुरुषाचा ड्राइव्ह २५० यार्ड, स्क्रॅच महिलेचा २१०. समजा त्याच पांढऱ्या टीचं महिलांसाठी रेटिंग ७६ आणि स्लोप १३५ आहे. मग २० इंडेक्सच्या बाईला तिथे २८ फटके मिळतात. तिला पुरुषांच्या तक्त्यावरून २१ दिले तर सात फटके तिच्या हक्काचे गेले. टी क्षमतेवर निवडा, पण फटके मोजताना योग्य तक्ता बघा. लाल टीला पुरुषांचं किंवा पांढऱ्या टीला महिलांचं रेटिंगच नसेल तर तिथला स्कोअर हॅंडिकॅपला धरता येत नाही. ते करून घ्यायची मागणी क्लबकडे लेखी करा. कोर्स लहान आहे ही सबब आता चालत नाही. २०२४ पासून नऊ होलच्या ७५० यार्डांच्या कोर्सलाही रेटिंग मिळू शकतं.

पाचवी: वर्षभर एकच टी

एप्रिलमध्ये जमीन टणक असते, चेंडू पडून वीस-पंचवीस यार्ड धावतो. जूनमध्ये पाऊस लागला की पडेल तिथेच रुततो. ड्राइव्ह तोच, पल्ला कमी. पावसाळ्यात एक टी पुढे या, म्हणजे तुम्ही तोच खेळ खेळताय.

वाऱ्याचंही तेच. किनाऱ्याजवळ सकाळी वारा जमिनीवरून येतो, मंदच असतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पश्चिमेकडे तोंड असलेले होल एकदम लांब होतात. "आयज वारें उलटें आसा," असं कॅडी म्हणाला की ऐका, पण टी होलागणिक बदलू नका. टी फेरीआधी ठरवायची. दुपारची वेळ मिळाली असेल तर सुरुवातीपासूनच पुढची घ्या.

चुकून दुसऱ्याच टीवरून मारलं तर

नऊ ग्रीन आणि अठरा टी असलेल्या कोर्सवर हे हमखास होतं. दुसऱ्या फेरीत पाय सवयीने पहिल्या फेरीच्या टीकडे वळतात. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन फटक्यांचा दंड, आणि योग्य टीवरून परत मारायचं. ते न करता पुढच्या होलवर पहिला फटका मारलात तर स्पर्धेतून बाद. मॅच प्लेमध्ये (होलागणिक हारजीत ठरते त्या खेळात) दंड नाही, पण प्रतिस्पर्धी तो फटका रद्द करायला लावू शकतो. कार्डावर टीचा रंग नावाशेजारी मोठा लिहून ठेवा.

एका चौकडीत दोन-तीन टी असतील तर मागचे आधी मारतात. तोवर पुढच्यांनी आपल्या टीवर जाऊन उभं राहू नये, मागेच थांबावं. गप्पा मारत पुढे चालत गेलेल्या माणसाच्या डोक्यावरून चेंडू गेलेला मी पाहिलाय.

राहिली ताईंची टी. लालच्या पुढे खुणा नव्हत्या. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही परवानगी काढून दर होलला ग्रीनपासून १५० यार्डांवर, फेअरवेच्या कडेला, दोन असोले नारळ ठेवले. कार्डावर नाव लिहिलं 'नारळ टी'. पहिल्या रविवारी तिथून तिघी खेळल्या. दुसऱ्या रविवारी पाच जण होते: तिघी, एक बारा वर्षांचा मुलगा आणि काका, ज्यांचा गुडघा त्या दिवशी दुखत होता.