ब्रिकोलाज की पॅस्टिश? या चुका टाळा

चार प्रकारचं सामान एकत्र चिकटवलं की ब्रिकोलाज झालं, ही चूक मला विद्यार्थ्यांच्या जवळपास प्रत्येक प्रदर्शनात भेटते. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ साली ब्रिकोलाजची कल्पना मांडली, ती हाताशी उरलेल्या सामानात काम भागवणाऱ्या माणसाबद्दल. त्या सामानाला आधीचा वापर चिकटलेला असतो आणि तो कामात उतरतोच. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. त्यात बैल दिसतो, पण सायकल लपत नाही.

सोलापुरातल्या एका प्रदर्शनात गिरणी कामगारांवरचं काम आलं होतं. पोरांनी दुकानातून कोरी चादर आणली, फाडली, चहाच्या पाण्यात बुडवली, वर काजळी चोळली. “हे भोक कशाला?” मी विचारलं. “जुनं वाटायला पाहिजे ना, सर.” ती चादर कोणी अंगावर घेतलीच नव्हती. जुनेपणाची शैली तेवढी उचललेली, म्हणजे हे पॅस्टिश. तेही घाईतलं.

शेजारीच एका मुलीने बंद पडलेल्या कारखान्यातली जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारी, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं दोरीत ओवून टांगली होती. बघायला आलेले एक वयस्कर विणकर कार्डांवरचे नंबर वाचत गेले आणि म्हणाले, “पोरी, क्रम चुकलाय. अशानं डिझाइन उठणार नाही.” कार्डं कलाकृतीत आली तरी त्यांचं मूळ काम अजून बोलत होतं. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

पॅस्टिश म्हणजे चोरी, असंही समजू नका. चोर मूळ लपवतो, पॅस्टिशमध्ये मूळ शैली ओळखू यावीच लागते. विडंबनही नव्हे, कारण इथे टर उडवायची नसते. ते नीट करायचं तर मूळ चित्रकाराच्या रेषेवर हात बसवावा लागतो. मोबाइलमधल्या फिल्टरने ते होत नाही, आणि एका रात्रीत तर नाहीच.

ब्रिकोलाज आणि पॅस्टिश दोन्ही एकाच कामात येऊ शकतात. ‘हे की ते’ म्हणून भांडत बसू नका.

माझी सवय साधी आहे. काम सुरू करण्याआधी प्रत्येक वस्तूपुढे लिहायला लावतो: कुठून आली, आधी काय करत होती. ‘दुकानातून, काही नाही’ असं सगळीकडे आलं, तर ब्रिकोलाजची चिठ्ठी लावू देत नाही.