जुना कोबॉल प्रोग्राम वेब सर्व्हिस म्हणून बाहेर काढायचाय? सीआयसीएस असं सेट करा

बँक किंवा इन्शुरन्सच्या मेनफ्रेम प्रोजेक्टवर असाल तर ही रिक्वेस्ट कधी ना कधी येतेच, की तुमच्याकडचा तो कोबॉल प्रोग्राम आमच्या जावा ॲपला डायरेक्ट कॉल करता आला पाहिजे. मग लगेच मधे कुठलं मिडलवेअर घ्यायचं, टर्मिनलच्या हिरव्या स्क्रीनवरून डेटा कसा उचलायचा अशा चर्चा सुरू होतात. खरं तर बऱ्याच वेळा यातलं काहीच लागत नाही, कारण मेनफ्रेमवर ट्रान्झॅक्शन चालवणारं आयबीएमचं सॉफ्टवेअर म्हणजे सीआयसीएस, आणि २००५ मध्ये आलेल्या सीआयसीएस टीएस ३.१ पासून सोप (एक्सएमएल मेसेजवर चालणारी) वेब सर्व्हिस होस्ट करायची सोय त्यातच आहे. इथे आपण प्रोव्हायडर साइड बघू, म्हणजे बाहेरचा कॉल करतोय आणि सीआयसीएस उत्तर देतोय. उदाहरणाला आयबीएम सीआयसीएससोबत जे कॅटलॉग ॲप्लिकेशन देते तेच घेतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या टेस्ट रीजनमध्ये (रीजन म्हणजे सीआयसीएसची एक चालू प्रत) करून बघता येईल.

माझं म्हणणं एकच आहे, आतून बाहेर या. आधी प्रोग्राम, मग कॉपीबुक (डेटाचा लेआउट लिहिलेली कोबॉल फाइल), मग बाइंड फाइल (एक्सएमएल आणि त्या लेआउटची जोडणी), मग पाइपलाइन (आलेला सोप मेसेज हाताळणारा सीआयसीएसचा भाग), आणि पोर्ट सगळ्यात शेवटी. बरेच जण पोर्टपासून सुरू करतात, मग एरर आला की तो नेटवर्कचा आहे का पाइपलाइनचा का प्रोग्रामचा हेच कळत नाही.

तर प्रोग्राम. बाहेरून आलेला कॉल सीपीआयएच नावाच्या ट्रान्झॅक्शनखाली चालतो आणि तिथे टर्मिनल नसतं, त्यामुळे ज्या प्रोग्राममध्ये सेंड मॅप, रिसीव्ह मॅप (स्क्रीन दाखवायच्या आणि वाचायच्या कमांड) आहे तो तसाच्या तसा चालणार नाही. बिझनेस लॉजिक वेगळ्या प्रोग्राममध्ये हवं, लिंक करून कॉमएरियावर किंवा चॅनलवर (प्रोग्राममध्ये डेटा द्यायघ्यायच्या सीआयसीएसच्या दोन पद्धती) बोलता येईल असं. कॉमएरियाला ३२ केबीची मर्यादा आहे, उत्तरात मोठी यादी जाणार असेल तर सरळ चॅनल आणि कंटेनर वापरा, नंतर बदलणं फार जिवावर येतं. कॅटलॉग ॲपमध्ये हे वेगळं केलेलंच आहे, स्क्रीनचा भाग एकीकडे आणि डीएफएच०एक्ससीएमएन हा मुख्य प्रोग्राम एकीकडे, आणि आपल्याला फक्त हा दुसरा लागतो.

आता कॉपीबुक, आणि इथे घाई करू नका, कारण या कॉपीबुकचं जे रूप तुम्ही ठरवाल तेच पुढची कित्येक वर्षं समोरच्या टीमच्या कोडमध्ये राहणार आहे. डीएफएच०एक्ससीपी१ उघडून बघा. सुरुवातीला ६ बाइटचा रिक्वेस्ट आयडी, २ आकडी रिटर्न कोड, ७९ बाइटचा मेसेज, आणि मग ९११ बाइटचा एक मोठा तुकडा ज्याच्यावर रीडिफाइन्स करून (म्हणजे त्याच जागेला दुसरा लेआउट देऊन) तीन वेगवेगळी लेआउट बसवलीत, पूर्ण कॅटलॉग, एक वस्तू, आणि ऑर्डर. कोबॉलवाल्याला हे रोजचंच, पण सीआयसीएसच्या वेब सर्व्हिस असिस्टंटला (कॉपीबुकवरून वेब सर्व्हिसच्या फाइल बनवणारं टूल) रीडिफाइन्स झेपत नाही. म्हणून प्रत्येक ऑपरेशनला वेगळी कॉपीबुक करावी लागते, सॅम्पलमध्येही तसंच केलंय, एका वस्तूसाठी डीएफएच०एक्ससीपी४ आहे. त्यात वस्तूची माहिती त्या ९११ पैकी ७१ बाइटमध्ये संपते आणि उरलेले ८४० बाइट फिलर ठेवलेत, म्हणजे एकूण लांबी जशीच्या तशी राहते आणि प्रोग्रामला हात लावावा लागत नाही.

फिलरची ही युक्ती लक्षात ठेवा, फार कामाची आहे. फिलर म्हणून लिहिलेलं फील्ड डब्ल्यूएसडीएलमध्ये (सर्व्हिस कशी कॉल करायची ते सांगणारी फाइल) दिसत नाही, फक्त तेवढी जागा राखली जाते. त्यामुळे तुमच्या कॉपीबुकमधली आतली फ्लॅग, जुने कोड, समोरच्याला दाखवायची गरज नसलेली फील्ड, हे सगळं असिस्टंटला द्यायच्या कॉपीमध्ये फिलर करून टाका, पिक्चर (फील्डचा प्रकार आणि लांबी) मात्र तेच ठेवा. रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्सला दोन वेगळ्या कॉपीबुक दिल्या तर अजून चांगलं, रिक्वेस्टमध्ये फक्त इनपुट उघडं आणि रिस्पॉन्समध्ये फक्त आउटपुट. एकच कॉपीबुक दोन्हीकडे दिली की समोरच्याला रिकामा रिटर्न कोड पण पाठवावा लागतो आणि मग तो विचारत बसतो की यात मी काय भरू. सॅम्पलमध्ये कॉल करणाऱ्याला रिक्वेस्ट आयडी म्हणून ०१आयएनक्यूएस पाठवावं लागतं, ते मला तरी पटत नाही, आपला आतला कोड बाहेरच्याने का पाठ करायचा? खऱ्या कामात एक छोटा रॅपर प्रोग्राम लिहा जो हा कोड स्वतः भरेल आणि मग मुख्य प्रोग्रामला लिंक करेल.

कॉपीबुक ठरली की डीएफएचएलएस२डब्ल्यूएस हा त्या असिस्टंटचा बॅच जॉब चालवायचा. हा कॉपीबुक वाचून दोन फाइल देतो, एक डब्ल्यूएसडीएल जी समोरच्या टीमला द्यायची, आणि एक डब्ल्यूएसबाइंड जी सीआयसीएस स्वतः वापरतो, एक्सएमएलमधलं कुठलं एलिमेंट कॉमएरियात कुठे जातं ते त्यात असतं. इनपुटमध्ये कॉपीबुकची लायब्ररी, रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्सचे मेंबर, भाषा कोबॉल, प्रोग्रामचं नाव, इंटरफेस कॉमएरिया का चॅनल, यूआरआय, आणि दोन्ही आउटपुट फाइलचे पूर्ण पाथ द्यायचे. हा जॉब आतून जावा चालवतो, म्हणून जॉबच्या मेमरीच्या पॅरामीटरमध्ये रीजन ०एम द्या आणि जावाची डिरेक्टरी बरोबर आहे ना ते तपासा. एडिटरमध्ये कॅप्स ऑफ आणि नंबर ऑफ करायला विसरू नका, युनिक्सच्या पाथमध्ये कॅपिटल आणि स्मॉल वेगळं धरलं जातं, आणि ७३ ते ८० कॉलम रिकामे असायला हवेत, तिथे लाइन नंबर राहिले की जॉब का पडला ते शोधण्यात उगाच वेळ जातो.

तयार झालेली डब्ल्यूएसडीएल एकदा स्वतः वाचा. फील्डच्या नावातल्या डॅशच्या जागी अंडरस्कोर आलेला दिसेल, आणि शेवटी एंडपॉइंटच्या पत्त्यात माय-सर्व्हर आणि माय-पोर्ट असं भरलेलं दिसेल. तिथे खरा होस्ट आणि पोर्ट घालूनच फाइल पुढे पाठवा.

आता झेडओएस युनिक्सची बाजू. सीआयसीएस रीजनच्या यूजर आयडीला ओएमव्हीएस सेगमेंट (युनिक्स वापरायची नोंद) हवा, यूआयडी आणि ग्रुपला जीआयडी सकट, ते रॅकफवाल्यांकडून (मेनफ्रेमची सिक्युरिटी बघणारी टीम) आधीच करून घ्या. मग दोन डिरेक्टरी लागतात. एक शेल्फ, जिथे सीआयसीएस स्वतःच्या कॉपी ठेवतो, तिथे रीजनला राइट परमिशन पाहिजे. दुसरी पिकअप डिरेक्टरी, जिथे आपण डब्ल्यूएसबाइंड टाकतो, तिथे रीजनला वाचता आलं पाहिजे. डब्ल्यूएसडीएल पण त्याच नावाने तिथेच ठेवा, नवीन व्हर्जनमध्ये मग यूआरएलच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि डब्ल्यूएसडीएल लावलं की ती ब्राउझरमध्येच मिळते. डब्ल्यूएसबाइंड एका मशीनवरून दुसरीकडे एफटीपीने नेत असाल तर बायनरीमध्येच न्या, टेक्स्टमध्ये नेली की फाइल कामातून गेली.

पाइपलाइन रिसोर्स सीईडीएमधून (रिसोर्स डिफाइन करायचं सीआयसीएसचं ट्रान्झॅक्शन) डिफाइन करायचा. त्यात तीनच गोष्टी महत्त्वाच्या आहेत, कॉन्फिग फाइल, शेल्फ आणि पिकअप डिरेक्टरी. कॉन्फिग फाइल स्वतः लिहायची गरज नाही, आयबीएमने दिलेल्या सॅम्पलमध्ये सोप १.१ प्रोव्हायडरची साधी फाइल आहे, ती आपल्या डिरेक्टरीत कॉपी करून वापरा, प्रॉडक्टच्या डिरेक्टरीतली थेट वापरू नका, नाहीतर मेंटेनन्स लागला की आपले बदल जातात. पाइपलाइन इन्स्टॉल केली की सीआयसीएस पिकअप डिरेक्टरी वाचतो आणि प्रत्येक डब्ल्यूएसबाइंडसाठी वेबसर्व्हिस रिसोर्स आणि यूआरआयमॅप (कुठला यूआरएल कुठल्या सर्व्हिसकडे जातो ते) आपोआप बनवतो. नंतर नवीन फाइल टाकली तर सीईएमटी (चालू रीजन बघायचं आणि हाताळायचं ट्रान्झॅक्शन) परफॉर्म पाइपलाइन स्कॅन द्यायचं, रीजन रीसायकल करायची गरज नाही. वेबसर्व्हिसचं नाव फाइलच्या नावावरूनच येतं, म्हणून टेस्ट१, न्यू२ असली नावं ठेवू नका.

स्कॅननंतर लगेच सीईएमटी इन्क्वायर वेबसर्व्हिस करा. स्टेट इनसर्व्हिस दिसली तर आतलं काम झालं. नाही दिसली तर एमएसजीयूएसआर या रीजनच्या मेसेज लॉगमध्ये डीएफएचपीआयने सुरू होणारे मेसेज बघा, परमिशन नाही, फाइल सापडली नाही, असं कारण बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

आता कुठे पोर्ट. सिटमध्ये (रीजन सुरू होतानाच्या सेटिंग) टीसीपीआयपी=येस हवं. टीसीपीआयपीसर्व्हिस हा पोर्टचा रिसोर्स डिफाइन करा, प्रोटोकॉल एचटीटीपी, ट्रान्झॅक्शन सीडब्ल्यूएक्सएन, यूआरएम डीएफएचडब्ल्यूबीएएएक्स, सॉकेटक्लोज नो. सॉकेटक्लोजला शून्य दिलं तर दर रिक्वेस्टला कनेक्शन बंद होऊन नवीन उघडतं, लोड आला की त्याचा त्रास जाणवतो. पोर्ट नंबर नेटवर्क टीमकडून घ्या आणि टीसीपीआयपी प्रोफाइलमध्ये राखून ठेवायला सांगा. पुण्यात किंवा मुंबईत बसून परदेशातल्या क्लायंटचं मेनफ्रेम बघत असाल तर ही आणि फायरवॉलची रिक्वेस्ट पहिल्याच दिवशी टाका, काम शेवटचं असलं तरी मंजुरीला वेळ तिथेच लागतो.

टेस्टसाठी सोपयूआय हे टूल घ्या, डब्ल्यूएसडीएल इम्पोर्ट करा, वस्तू क्रमांक ००१० पाठवा, काळ्या बॉल पेनांच्या २४ च्या पॅकची माहिती परत आली पाहिजे. ४०४ आला तर यूआरआयमॅप जुळला नाही, पाथमधलं स्पेलिंग आणि कॅपिटल-स्मॉल बघा. ५०३ आला तर यूआरआयमॅप डिसेबल आहे का बघा. ५०० सोबत सोप फॉल्ट आला म्हणजे कॉल आत पोचलाय, पुढचं डेटा किंवा प्रोग्रामचं आहे. डीएफएचपीआय१००७ असेल तर आलेल्या एक्सएमएलमध्ये गडबड आहे, समोरच्याला पाठवा. डीएफएचपीआय१००८ असेल तर आपल्या प्रोग्रामने परत दिलेला डेटा एक्सएमएलमध्ये बदलता आला नाही, आणि हा एरर तुम्हाला सगळ्यात जास्त दिसणार आहे.

त्याचं कारण साधं आहे. कॉम्प-३ (पॅक्ड डेसिमल) फील्डमध्ये लो-व्हॅल्यूज (सगळे बाइट शून्य) किंवा ९ पिक्चरच्या म्हणजे आकड्यांच्या फील्डमध्ये स्पेस राहिलेत, स्क्रीनवर कधी कुणाला फरक पडला नाही म्हणून वर्षानुवर्षं चालून गेलं, पण इथे कन्व्हर्जन प्रत्येक फील्ड तपासतं आणि इनव्हॅलिड डेटा म्हणून थांबतं. एरर पाथवर तर हमखास होतं, प्रोग्राम रिटर्न कोड भरून बाहेर पडतो आणि बाकीचं आउटपुट तसंच कचरा राहतं. म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीलाच, इनपुट बाजूला काढून झाल्यावर, आउटपुटचा पूर्ण भाग इनिशियलाइज करा. आत काय चाललंय ते बघायचं असेल तर सीईडीएक्स सीपीआयएच ही डीबगची कमांड द्या आणि कॉल पाठवा, स्टेप बाय स्टेप दिसतं. वेबसर्व्हिसवर व्हॅलिडेशन ऑन करता येतं, पण ते जड आहे, टेस्टमध्येच वापरा आणि प्रॉडक्शनमध्ये बंद ठेवा.

प्रॉडक्शनला न्यायच्या आधी दोन गोष्टी मी कधीच सोडत नाही. पहिली, सगळ्या सर्व्हिस सीपीआयएचखाली चालू देऊ नका. सीपीआयएचची कॉपी करून प्रत्येक सर्व्हिसला स्वतःचा ट्रान्झॅक्शन आयडी द्या, प्रोग्राम तोच डीएफएचपीआयडीएसएच, आणि डीएफएचएलएस२डब्ल्यूएसच्या इनपुटमध्ये ट्रान्झॅक्शन म्हणून तो आयडी लिहा, म्हणजे आपोआप बनणाऱ्या यूआरआयमॅपमध्ये तो जातो. नाहीतर सीपीयू कोण खातंय, रिस्पॉन्स कुठल्या सर्व्हिसचा मंदावलाय, कुणाला कशाची परवानगी द्यायची, यातलं काहीच वेगळं करता येत नाही.

दुसरी, सिक्युरिटी. काहीच सांगितलं नाही तर कॉल रीजनच्या डिफॉल्ट यूजरखाली चालतो, आणि कुणीतरी चालू व्हावं म्हणून त्या डिफॉल्ट यूजरलाच परवानग्या देत सुटतं, हे अजिबात करू देऊ नका. टीसीपीआयपीसर्व्हिसवर एसएसएल लावा किंवा एटी-टीएलएस (झेडओएसच्या नेटवर्ककडून होणारं एन्क्रिप्शन) वापरा, आणि ऑथेंटिकेट बेसिक किंवा सर्टिफिकेट ठेवा, बेसिक असेल तर एन्क्रिप्शनशिवाय नकोच, पासवर्ड उघडा जातो. आणि आपोआप बनलेला यूआरआयमॅप कुठल्या एका पोर्टला बांधलेला नसतो, रीजनमध्ये दुसरा एखादा एचटीटीपी पोर्ट साधा, बिना ऑथेंटिकेशनचा उघडा असेल तर तुमची सर्व्हिस तिथूनही चालते. सीईएमटी इन्क्वायर टीसीपीआयपीसर्व्हिस करून कुठले पोर्ट ओपन आहेत ते बघा, आणि नको असलेले बंद करून मगच समोरच्या टीमला पत्ता द्या.