प्रायमरीचा निकाल बघताना नजर दुसऱ्या नंबरवर ठेवा

प्रायमरीच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधीच्या फेरीच्या, रात्री आठला मतदान संपलं की आमच्या कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "मग, कोण आलं निवडून?" प्रश्न साहजिक आहे. आपल्याकडे एका मताने पुढे असलेलाही आमदार होतो. कॅलिफोर्नियात मात्र राज्य विधिमंडळाच्या दोन सभागृहांत, असेंब्लीच्या ८० किंवा स्टेट सेनेटच्या ४० जागांपैकी, एकीवरही प्रायमरीत कुणी निवडून येत नाही. एखाद्याने सत्तर टक्के मतं घेतली तरी नोव्हेंबरात त्याला पुन्हा लढावंच लागतं. प्रायमरीतून पुढे जातात फक्त पहिले दोन, पक्ष कुठलेही असोत. २०१० मध्ये मतदारांनीच 'प्रॉपोझिशन १४' हा प्रस्ताव थेट मतदानाने मंजूर करून ही पद्धत आणली.

म्हणून निकाल उघडला की पहिलं नाव सोडा. दुसऱ्या आणि तिसऱ्यात किती मतांचं अंतर आहे ते बघा. खरी लढत तिथे असते.

मग कागद घ्या आणि पक्षवार बेरीज करा. हे कुणी करत नाही, आणि तिथेच फसतात. नावाखाली छापलेला पक्ष ही उमेदवाराने स्वतः सांगितलेली पसंती असते. इथे एबी फॉर्म नाही. पक्ष एखाद्याला जाहीर पाठिंबा देतो, पण बाकीच्यांची नावं मतपत्रिकेवरून काढू शकत नाही. परिणाम? मतविभागणी. २०२२ मध्ये मोडेस्टो आणि सिएराच्या पायथ्याकडच्या सेनेट जिल्हा ४ मध्ये (जिल्हा म्हणजे इथे मतदारसंघ) सहा रिपब्लिकन उभे राहिले आणि दोन डेमोक्रॅट. सहा रिपब्लिकनांची मतं मिळून निम्म्याहून बरीच जास्त होती. पुढे गेले मात्र टिम रॉबर्टसन आणि मारी अल्वाराडो-गिल, दोघेही डेमोक्रॅट! नोव्हेंबरात अल्वाराडो-गिल जिंकल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षात गेल्या. पक्षांतराची हौस फक्त आपल्याच आमदारांना असते असं नाही.

रात्रीच्या आकड्यांवर पैज लावू नका. आठ वाजता पडणारे पहिले आकडे मुख्यतः आधी पोचलेल्या टपाली मतांचे असतात. शेवटच्या दिवशी पेटीत टाकलेली पाकिटं मागून मोजली जातात, कारण प्रत्येकावरची सही पडताळावी लागते. मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असेल तर सात दिवसांत पोचलेलं पाकीटही धरतात. दुसऱ्या-तिसऱ्यात काहीशेंचाच फरक असेल तर मतं मोजणाऱ्या काउंटीची (स्थानिक प्रशासनाची) पुढची भर पडेपर्यंत गप्प बसलेलं बरं.

किती चुरस होऊ शकते? २०२४ मध्ये शेजारच्या काँग्रेस (अमेरिकेची संसद) जिल्हा १६ मध्ये, तिथेही हीच पद्धत, सॅम लिकार्डो पहिले आले आणि दुसऱ्या जागेवर इव्हान लो व जो सिमिटियन यांना प्रत्येकी ३०,२४९ मतं पडली. नियमाप्रमाणे तिघेही नोव्हेंबरात जाणार होते. फेरमोजणी झाली आणि लो पाच मतांनी पुढे निघाले.

आमचे तेव्हाचे आमदार लो काँग्रेसला उभे राहिल्यामुळे आमचा असेंब्ली जिल्हा २६ मोकळा झाला होता. तिथून तारा श्रीकृष्णन आणि पॅट्रिक आहरेन्स पुढे गेले, पुन्हा दोघेही डेमोक्रॅट. अशा वेळी "पक्ष तोच आहे, मग मत कशाला द्यायचं?" असं म्हणणारे भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. उलट बाहेर पडलेल्या उमेदवारांची मतं कुणाकडे वळतील, हाच नोव्हेंबरचा सगळा हिशेब असतो, आणि त्यात रिपब्लिकन मतदारालाही पहिल्यांदाच भाव येतो. प्रायमरीच्या तक्त्यात तिसऱ्यापासून खालच्या सगळ्यांची बेरीज करून ठेवा. पहिल्या दोघांमधल्या अंतरापेक्षा ती मोठी असेल, तर पहिला नंबर अजून काहीच सांगत नाही. आमच्या जिल्ह्यात शेवटी आहरेन्स निवडून आले.