नाविकांचे बंड हेडसेटमध्ये: फेब्रुवारी १९४६ची मुंबई आभासी वास्तवातून कशी उभी करावी

राजकीय इतिहास आभासी वास्तवातून (व्हर्च्युअल रिॲलिटीतून) सांगायचा ठरवला की बहुतेक जण आधी कॅमेरा आणि सॉफ्टवेअर यांची चौकशी करतात. त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: हेडसेट चढवणारा माणूस त्या घटनेत कोण म्हणून उभा राहणार? रॉयल इंडियन नेव्हीतील नाविकांच्या १९४६च्या बंडावर काम करताना आम्हाला या एका प्रश्नासाठी सर्वांत जास्त वेळ द्यावा लागला आणि तो सत्कारणी लागला, असे मी आज ठामपणे म्हणू शकतो.

हा विषय निवडण्याचे कारण साधे आहे. १८ ते २३ फेब्रुवारी १९४६ या सहा दिवसांत, कुलाब्यापासून परळपर्यंतच्या ओळखीच्या मुंबईत त्याचा मुख्य भाग घडला. कुलाब्यातील ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात निकृष्ट जेवण आणि वरिष्ठांची अपमानास्पद भाषा यांविरुद्ध खलाशांनी संप पुकारला. भिंतींवर ब्रिटिशविरोधी घोषणा रंगवल्याबद्दल बी. सी. दत्त यांना त्याआधीच अटक झालेली होती. दुसऱ्या दिवशी एम. एस. खान आणि मदन सिंग यांच्या नेतृत्वाखाली मध्यवर्ती संप समिती उभी राहिली आणि पाहता पाहता ७८ जहाजे, किनाऱ्यावरील २० ठाणी आणि सुमारे २०,००० खलाशी त्यात सामील झाले. ही बातमी इतक्या वेगाने पसरली, कारण ‘तलवार’वरील मुले बिनतारी संदेशांत तरबेज होती.

प्रेक्षकाची भूमिका याच तपशिलातून ठरवावी. त्याला समितीचा अध्यक्ष करू नये. पुढाऱ्याच्या तोंडी काय घालायचे, हा पेच मग प्रत्येक प्रसंगात उभा राहतो. त्याला बिनतारी खोलीतील एक अनाम खलाशी करावे. समोर मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांतून संदेश पाठवण्याची, कळ ठेवावी. कळ दाबली की हातातील कंट्रोलर टिंबाला क्षणभर आणि रेघेला जरा लांब थरथरेल, अशी रचना करावी. संदेश अचूक जमलाच पाहिजे, अशी अट घालू नये. तीन-चार अक्षरे कशीबशी गेली तरी पुरे. त्यानंतर दोन सेकंद पूर्ण शांतता ठेवावी, मग डाव्या कानात एका जहाजाचे उत्तर यावे, उजव्या कानात दुसऱ्याचे, आणि हळूहळू चहूबाजूंनी. आपण एकटे नाही, हे त्या खलाशाला ज्या रीतीने कळले, त्याच रीतीने ते प्रेक्षकाला कळते, आणि निवेदकाला एकही वाक्य बोलावे लागत नाही.

प्रेक्षकाला स्वातंत्र्य किती द्यावे, यावर माझे मत पक्के आहे: त्याने कुठे उभे राहावे, कोणाचे ऐकावे, हातात काय घ्यावे हे त्याने ठरवावे, मात्र इतिहासाचा शेवट त्याच्या हाती देऊ नये. २२ तारखेच्या रात्री वल्लभभाई पटेलांचा शरण जाण्याचा सल्ला समितीपुढे होता, बॅरिस्टर जिनांचाही सूर तोच होता, आणि बाहेर शहर पेटलेले होते. या प्रसंगात प्रेक्षकाला खोलीत फिरू द्यावे, खलाशांच्या निरनिराळ्या घोळक्यांजवळ थांबू द्यावे. पहाट झाली की शरणागतीचे काळे निशाण चढणारच. त्याने लढा चालू ठेवण्याचे बटण दाबले आणि ब्रिटिश हरले, असे दाखवले तर तो खेळ होईल. ज्यांना त्या निर्णयानंतर नोकरी गमवावी लागली आणि ज्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलानेही परत घेतले नाही, त्यांच्यावर तो अन्याय ठरेल. समितीतील कोण नेमके काय बोलले याची नोंद मिळत नसेल, तर खऱ्या नावाच्या माणसाच्या तोंडी संवाद घालू नयेत.

याला जोडूनच पुराव्याची शिस्त येते. प्रत्येक वस्तू, आवाज आणि वाक्य यांची एक वही ठेवावी आणि त्यापुढे ‘नोंद आहे’, ‘अनुमान आहे’ किंवा ‘कल्पना आहे’ यांपैकी एक शेरा लिहावा. ही वही प्रेक्षकालाही दिसली पाहिजे. आम्ही कंट्रोलरचे एक बटण त्यासाठी राखले होते. ते दाबले की अनुमानाचा भाग फिकट होतो आणि कल्पनेचा भाग करड्या रंगात जातो. सामग्रीसाठी काळा घोड्याला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय येथे आधी जावे, आणि त्या आठवड्याची इंग्रजी व मराठी वृत्तपत्रे शेजारी ठेवून वाचावीत.

२१ तारखेला जेथे गोळीबार झाला ते कॅसल बराक्स, म्हणजे खलाशांची बराक, आज ‘आयएनएस आंग्रे’ या नौदल ठाण्यात आहे. तेथे चित्रीकरणाचा विचारही करू नये. जुने नकाशे आणि छायाचित्रे यांवरूनच ते उभे करावे. गेटवे ऑफ इंडियाचे मात्र परवानगी घेऊन, भल्या पहाटे, गर्दी होण्याआधी फोटो काढता येतात. लागोपाठच्या दोन फोटोंत साधारण ७० टक्के भाग समान राहील असे पाहिले, तर त्यांवरून त्रिमितीय प्रतिकृती चांगली बनते. या जागी, रसद तोडल्याने खलाशांचे होणारे हाल ऐकून, मुंबईकरांनी अन्न आणून दिले होते. हा प्रसंग प्रेक्षकाला होडीतून अनुभवू द्यावा: वरून एक पुडके खाली येते आणि ते त्याला दोन्ही हात पुढे करून घ्यावे लागते. परळच्या एका सभागृहात चाचणी घेतली तेव्हा एका निवृत्त गिरणी कामगाराने कंट्रोलर खुर्चीवर ठेवून दिले आणि रिकामी ओंजळ पुढे केली. त्या दिवसापासून आम्ही या प्रसंगात कंट्रोलर काढून टाकला आणि नुसते हात ओळखण्याची सोय केली.

खलाशांच्या पाठिंब्यासाठी २२ फेब्रुवारीला झालेला हरताळ दाखवताना संयम ठेवावा. मुंबईत दोनशेहून अधिक नागरिक मारले गेले; परळच्या गोळीबारात कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे यांचा बळी गेला. मृतदेह प्रेक्षकाच्या पायाशी आणून ठेवू नयेत. गोळीचा आवाज एकदाच, दुरून आणि मागून यावा. नंतर गिरण्यांतील साचे थांबल्याची शांतता ठेवावी. प्रसंग सुरू होण्याआधी स्पष्ट सूचना द्यावी आणि एका हातवाऱ्याने बाहेर पडता येईल असे करावे.

तांत्रिक बाबी थोडक्यात. चित्र सेकंदाला ७२ चौकटींच्या (फ्रेमच्या) खाली घसरू देऊ नये, नाहीतर मळमळ होते. प्रेक्षकाला सरकवत नेऊ नये. जागा बदलताना दृश्य क्षणभर अंधारात न्यावे. अनुभव २० मिनिटांत संपवावा आणि बसूनही घेता यावा. मराठी मजकुराची मात्र खास काळजी घ्यावी, कारण असे अनुभव बनवण्याच्या युनिटी या सॉफ्टवेअरमधील नेहमीच्या अक्षरघटकात देवनागरीची जुळणी बिघडते: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर जाऊन पडते, जोडाक्षरे सुटी होतात. ‘शरणागतीनिशी’ऐवजी प्रेक्षकाला भलतेच काही दिसते. छोट्या पाट्यांची अक्षरे चित्र म्हणून बनवावीत आणि उरलेला मजकूर आवाजात द्यावा.

दाखवण्याची जागा शक्यतो लालबाग-परळमध्येच निवडावी. चार हेडसेट असतील तर प्रत्येकाजवळ एक माणूस हवा, आणि हेडसेट उतरवल्यावर प्रेक्षकाला लगेच उठवू नये. बाजूला एक नोंदवही ठेवावी. आमच्या वहीत एका आजींनी लिहिले की हरताळाच्या दृश्यातील दुकानांना तुम्ही लोखंडी शटर लावली आहेत. त्यांच्या चाळीखालच्या दुकानाला तेव्हा क्रमांक घातलेल्या लाकडी फळ्या होत्या. पुढच्या आवृत्तीत आम्ही शटर काढली. आता त्या प्रसंगाची सुरुवात खोबणीत एकामागून एक बसत जाणाऱ्या फळ्यांच्या आवाजाने होते, आणि पुराव्याच्या वहीत त्या फळ्यांपुढे ‘नोंद आहे’ असा शेरा आहे.