दुचाकीचे इंजिन ऑईल: तपासावे कसे, निवडावे कसे

गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात लावून ‘चांगल्यातलं ऑईल टाका’ एवढेच सांगून निघून जाण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु महागातले ऑईलही आपल्या इंजिनासाठी नसेल तर नुकसानच करते. म्हणून नवे ऑईल विकत घेण्यापूर्वी आधी इंजिनात असलेले ऑईल स्वतः पाहावे.

त्यासाठी गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावावी, तीन-चार मिनिटे चालू ठेवून बंद करावी आणि ऑईल खाली उतरण्यासाठी आणखी दोन-तीन मिनिटे थांबावे. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते; ज्या गाड्यांची ऑईल मोजण्याची पट्टी (डिपस्टिक) उजव्या बाजूला असते, त्यांत ऑईल पुरेसे असूनही पातळी कमी दिसते आणि मग विनाकारण जास्तीचे ऑईल ओतले जाते. जादा ऑईल इंजिनात फिरणाऱ्या क्रँकने घुसळले जाऊन फेसाळते आणि सीलवरही दाब आणते. पट्टी काढून स्वच्छ फडक्याने पुसावी व पुन्हा घालावी. ती आटे फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे कंपनीगणिक बदलते. होंडा, हिरोच्या बहुतेक गाड्यांत ती नुसती टेकवून पाहतात. बुलेटसारख्या काही गाड्यांना पट्टीऐवजी काचेची खिडकी असते. पातळी वरच्या व खालच्या खुणेच्या मधे असली पाहिजे.

पातळीबरोबर रंगही पाहावा. ऑईल काळे पडले म्हणजे लगेच खराब झाले असे नव्हे, कारण काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. मात्र ते दुधाळ चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या गाड्या पाण्याखाली होत्या, त्यांना हे वेगळे सांगायला नको. अशी गाडी किक किंवा बटण मारून चालू करून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा आणि ऑईल काढल्याशिवाय इंजिन फिरवू नये. ऑईलला पेट्रोलचा उग्र वास येत असेल, किंवा बोटांवर चोळल्यावर धातूची कच लागत असेल, तर नुसते ऑईल बदलून भागणार नाही. मिस्त्रीला इंजिनच दाखवावे.

आता निवड. डब्याच्या दर्शनी बाजूवरील चित्रापेक्षा त्यावरच्या बारीक अक्षरांत खरी माहिती असते. ‘१०डब्ल्यू-३०’ यातील पहिला आकडा थंड इंजिनात ऑईल किती सहज वाहते ते सांगतो, तर दुसरा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा सांगतो. इंजिनाचा आवाज कमी व्हावा म्हणून १०डब्ल्यू-३० च्या गाडीत २०डब्ल्यू-५० टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दाट ऑईल सकाळी गाडी चालू करताना इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत, म्हणजे हेडपर्यंत, उशिरा पोहोचते आणि ॲव्हरेजही घटते; आवाजाचे मूळ कारण मात्र तसेच राहते.

याहून महत्त्वाची खूण ‘जासो’ या जपानी मानकाची. गिअरच्या बहुतेक मोटारसायकलींत क्लचच्या प्लेटा इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेल्या असतात, म्हणून त्यांना ‘एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेले ऑईल लागते. चारचाकीचे ऑईल, विशेषतः इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेले, अशा गाडीत गेले तर क्लच घसरू लागतो. आंबा घाट चढताना इंजिन जोरात ओरडते, पण गाडी वेग घेत नाही, ही त्याची ओळख. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा असल्याने तिथे ‘एमबी’ चालते. स्कूटरच्या मागच्या चाकाजवळील गिअरचे ऑईल वेगळे असते, तेही विसरू नये. ‘एपीआय’ या अमेरिकी मानकापुढची ‘एसएल’, ‘एसएम’, ‘एसएन’ ही अक्षरे क्रमाने दर्जाची नवी पिढी दाखवतात. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्यापेक्षा जुनी पिढी घेऊ नये.

ही सर्व अक्षरे, लागणारे प्रमाण आणि बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. किलोमीटर आणि महिने यांपैकी जे आधी भरेल तेव्हा ऑईल बदलावे. ऑईल काढण्याच्या बोल्टचा (ड्रेन बोल्ट) वॉशर शक्यतो नवा घालावा, गाडी मिनिटभर चालवून पातळी पुन्हा पाहावी, आणि काढलेले ऑईल गटारात न ओतता कॅनमध्ये भरून, जुने ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्यावे, कारण आपली गटारे शेवटी पंचगंगेलाच मिळतात.