प्रवचन ऐकताना या चुका टाळा

येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी एकच आहे आणि पेरणाराही एकच. फरक पडतो तो जमिनीमुळे, म्हणजे वचन ऐकणाऱ्याच्या मनामुळे. लूककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात या दाखल्याचा अर्थ उलगडून सांगितल्यावर, तुम्ही कसे ऐकता याविषयी जपून राहा, असे येशू बजावतो. प्रवचन रुक्ष झाले, लांबले, मनाला भिडले नाही, अशी तक्रार करताना आपण सगळा भार चर्चच्या पाळकांवर टाकून मोकळे होतो. पाळकांच्या तयारीत उणीव राहू शकते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेच प्रवचन ऐकून एक जण भरून पावतो आणि त्याच बाकावरचा दुसरा कोराच परततो, याचा शोध ऐकणाऱ्याने स्वतःच्या ऐकण्यात घ्यावयास हवा.

तयारीवाचून येऊन बसणे

1640च्या दशकात लंडन येथे भरलेल्या वेस्टमिन्स्टर सभेने, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञांच्या परिषदेने, तयार केलेल्या विस्तृत प्रश्नोत्तरावलीत, वचन ऐकणाऱ्यांकडून काय अपेक्षित आहे, असा स्वतंत्र प्रश्नच आहे, आणि त्याच्या उत्तराचा प्रारंभ तत्परता, तयारी आणि प्रार्थना यांनी होतो. उपदेशकाने तयारी करावी हे सर्वांना मान्य असते. श्रोत्यानेही ती करावी, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागून रविवारी सकाळी धावतपळत उपासनामंदिर गाठणाऱ्याला प्रवचनात झोप आली, तर त्याचा दोष प्रवचनाला देता येत नाही. त्रोवस या नगरात प्रेषित पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले तेव्हा युतुख नावाचा तरुण गाढ झोपी जाऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. त्या वृत्तान्तात त्याला कोणी रागावल्याची नोंद नाही, आणि थकलेल्या शरीराविषयी आपणही कठोर होऊ नये. उपाय साधा आहे: आदल्या रात्री वेळेवर झोपावे, शास्त्रभाग, म्हणजे प्रवचनासाठी निवडलेला बायबलमधील उतारा, आधी कळला असल्यास तो घरी एकदा सावकाश वाचावा, आणि पाळकांसाठी नाव घेऊन प्रार्थना करावी. आपल्याला बोलण्यासाठी शब्द मिळावेत म्हणून प्रार्थना करा, अशी विनंती खुद्द पौलाने इफिस येथील मंडळीला पत्रातून केली होती.

वचनाऐवजी वक्त्याकडे कान लावणे

आवाज, विनोद, उदाहरणांची निवड, उच्चार यांचीच मनातल्या मनात नोंद करत प्रवचन ऐकले, की शेवटी हातात उरते ते वक्त्याविषयीचे मत. मी पौलाचा, मी अपुल्लोचा, मी केफाचा, अशी उपदेशकांच्या नावांवरून करिंथ नगरातील मंडळीत झालेली फाटाफूट याच सवयीतून पुढे आली. येथे टीका आणि स्तुती यांत फारसा भेद नाही. संदेष्टा यहेज्केल याच्या पुस्तकाच्या तेहतिसाव्या अध्यायात लोक संदेष्ट्याकडे गर्दी करतात, सुरेल गळ्याच्या गायकाचे गाणे ऐकावे तसे आवडीने त्याचे ऐकतात, आणि त्याप्रमाणे काहीही करत नाहीत. इतके लोक जमलेले पाहून कोणालाही ती मंडळी सुदृढ वाटली असती. देवाला ती तशी वाटली नाही.

तरीही वक्तृत्वाच्या ओढीने आलेल्या माणसाविषयी निराश होऊ नये. पुढे थोर ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ म्हणून ओळखला गेलेला, तेव्हा वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक असलेला ऑगस्टीन 384 साली मिलान येथे आला आणि बिशप अँब्रोज यांची प्रवचने ऐकू लागला, ती त्यांची शैली जोखण्यासाठी. आशयाची त्याला पर्वा नव्हती. मात्र शब्दांबरोबर आशयही हळूहळू आत शिरत गेला, आणि 387 साली अँब्रोज यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हणून मन वक्त्यावर रेंगाळू लागले, की उघड्या पवित्र शास्त्रातील त्या दिवसाच्या ओळींवर बोट ठेवावे आणि हा मुद्दा कोणत्या ओळीतून आला, एवढेच स्वतःला विचारावे.

दुसऱ्यासाठी ऐकणे

माझ्या मते सर्वांत घातक चूक हीच आहे, कारण ती करणारा अत्यंत लक्षपूर्वक ऐकत असतो. क्षमेवर प्रवचन चालू असते आणि मनात भावाचा चेहरा उभा राहतो. जिभेवर ताबा ठेवण्याविषयी बोलणे निघते आणि नजर दोन बाक पुढे बसलेल्या बाईंकडे वळते. हे आज अमक्याने ऐकायला हवे होते, या विचारात वचन आपल्याला स्पर्श न करता पुढे निघून जाते. दावीद राजाने उरीया या आपल्या सैनिकाची पत्नी हिरावून घेतली, तेव्हा संदेष्टा नाथान याने त्याला एका गरिबाची गोष्ट सांगितली: त्याच्याजवळ एकच लहान मेंढी होती, ती त्याच्या ताटातले खात असे, त्याच्या उराशी निजत असे, आणि पाहुणा आला तेव्हा शेजारच्या श्रीमंताने स्वतःच्या कळपाला हात न लावता तीच हिरावून नेली. दावीद अगदी मन लावून ऐकतो. त्याचा न्यायाचा निकष अचूक असतो, संताप खरा असतो, आणि चौपट भरपाईचा निवाडाही तो तत्काळ देतो. पण हे सारे दुसऱ्या माणसासाठी चाललेले असते. तो मनुष्य तूच आहेस, असे नाथान म्हणतो तेव्हाच प्रवचन खऱ्या अर्थाने दाविदापर्यंत पोहोचते.

दुसऱ्याचे नाव मनात आले, की ते बळजबरीने दडपण्यात शक्ती घालवू नये. त्या नावाच्या जागी आपले नाव ठेवून तेच वाक्य पुन्हा मनात म्हणावे. ते लागू पडत असेल तर लगेच कळते.

पारख न करणे, किंवा केवळ पारखच करणे

बिरुया या नगरातील यहूद्यांनी वचन मोठ्या उत्सुकतेने स्वीकारले आणि पौल सांगतो ते तसेच आहे काय, हे पाहण्यासाठी ते दररोज शास्त्र धुंडाळत राहिले. उत्सुकता आणि शोध यांची ही जोडी मोडू नये. पाळक म्हणाले म्हणजे झाले, असे मानणारा शोध सोडतो. चूक पकडण्यासाठीच बसलेला उत्सुकता सोडतो. शास्त्रभागात नसलेले वैयक्तिक मत व्यासपीठावरून आले, तर ते मत म्हणूनच ऐकावे. खरोखर गंभीर चूक वाटली, तर दारात उभे राहून चारचौघांत बोलू नये. प्रिस्किल्ला व अक्विला या दांपत्याने अपुल्लोच्या शिकवणीतील उणीव ओळखली तेव्हा त्यांनी त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. आजही याहून चांगली रीत नाही.

टिपणांविषयी थोडेच सांगणे आहे. प्रत्येक वाक्य लिहून घेणाऱ्याचा हात काम करतो आणि मन थांबते. शास्त्रभाग, मुख्य मुद्दा आणि आपण करावयाची एक गोष्ट, एवढे पुरे. मोबाइलवर पवित्र शास्त्र वाचत असल्यास सूचना बंद ठेवाव्यात.

मंदिराच्या दारातच सर्व सोडून जाणे

आरशात तोंड पाहून लगेच आपले रूप विसरणाऱ्या माणसाविषयी याकोब नव्या करारातील आपल्या पत्रात लिहितो. आणि सोमवारी प्रवचनाचा विषयही आठवत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. स्मरणशक्तीपेक्षा येथे पुढच्या काही तासांचा प्रश्न अधिक आहे. जेवताना प्रवचन कसे वाटले, असे विचारले की गुण देणे सुरू होते. देवाविषयी आज काय कळले, असे विचारले की मुलेही उत्तर शोधू लागतात. नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लोक समजून घेतात व रडतात. आणि दुसऱ्या दिवशी घराण्यांचे प्रमुख पुन्हा एज्राकडे जमतात, मांडवांच्या सणाविषयीची आज्ञा त्यांना सापडते, आणि मग लोक डोंगरावरून फांद्या आणून धाब्यांवर व अंगणांत मांडव घालतात. म्हणून समेटाविषयी ऐकले असेल तर फोन त्याच संध्याकाळी करावा, आणि देण्याविषयी ऐकले असेल तर रक्कम त्याच दिवशी बाजूला काढावी.

आणि प्रवचन खरोखरच कमकुवत झाले, तर? वाचलेला शास्त्रभाग तरीही देवाचे वचनच असतो. घरी जाऊन तो पुन्हा वाचावा आणि त्यातल्या एखाद्या ओळीवर प्रार्थना करावी. पुढच्या भेटीत पाळकांना, प्रवचन छान झाले, असे मोघम न सांगता कोणते वचन आपल्या उपयोगी पडले ते नेमके सांगावे. पुढील रविवारची तयारी करताना त्यांनाही त्याचा आधार होतो.