वीस हजारांत क्रीम-बेज बेडरूम: रंगारी बोलावण्याआधीपासूनची तयारी

सगळ्यात आधी काहीही विकत आणू नका. सुट्टीचा एक दिवस त्या खोलीतच काढा आणि सकाळी आठला, दुपारी बाराला, संध्याकाळी पाचला आणि रात्री ट्यूब लावल्यावर असे चार फोटो काढा, फिल्टर वगैरे सगळं बंद ठेवून. क्रीम, बेज, ऑफ व्हाइट, ग्रे हे रंग खोलीत जो उजेड येतो त्याच्याकडे झुकतात, म्हणून दुकानात सुंदर दिसलेला ऑफ व्हाइट घरी भिंतीवर हिरवट किंवा गुलाबीसर दिसू शकतो. उत्तरेची खिडकी असेल तर उजेड थंड, जरा निळसर असतो, पश्चिमेची असेल तर संध्याकाळी खोली पिवळी-केशरी होते, आणि समोरची बिल्डिंग अगदी जवळ असेल तर तिच्या रंगाची झाकसुद्धा आत येते, त्यामुळे खिडकीबाहेर काय आहे तेही नीट बघून ठेवा.

मग एक वही घ्या आणि जे बदलणार नाहीये ते लिहून काढा. फरशी, कपाटाचा सनमायका, दाराचा रंग, खिडकीची ॲल्युमिनियमची फ्रेम, पलंग. तुमचा रंग हेच सगळं ठरवणार आहे! बऱ्याच फ्लॅटमध्ये दोन बाय दोनची आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल असते आणि कपाट गडद तपकिरी सनमायकाचं, आणि अशा खोलीत भिंतीला थंड ग्रे दिला की फरशी मळकट दिसायला लागते आणि कपाट अंगावर येतं. मोबाइलवर ग्रे बेडरूम कितीही छान दिसू देत, आयव्हरी टाइल असेल तर ऊबदार क्रीम, बेज नाहीतर फिकट वाळूचा रंग यातच राहा असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या घरात शहाबादी किंवा करडी मोझॅक फरशी असेल तर मात्र ग्रेकडे झुकणारा पांढरा मस्त जमतो.

पैशाचं गणित वहीच्या पुढच्याच पानावर करा. वीस हजार धरले तर मी साधारण निम्मे भिंतींना ठेवीन, पाच-सहा हजार कापडाला, दोन हजारापर्यंत दिव्यांना आणि स्विचच्या प्लेटांना, आणि उरलेले बाजूला, कारण रंगकाम सुरू झालं की भिंतीतून काहीतरी निघतंच. नवीन फर्निचरला यात शून्य. भाड्याचं घर असेल तर आधी मालकांना विचारा, नाही म्हणाले तर भिंतींचा खर्च सोडून द्या, दिवे आणि कापड एवढ्यावरसुद्धा खोली खूप बदलते.

आता भिंती. इथे घाई केली की पैसे दोनदा जातात म्हणून जरा सविस्तर सांगते. आधी ओल बघा. पोपडे आलेत का, बाथरूमच्या बाजूची भिंत हाताला गार लागते का, पावसाळ्यात कोपरा काळा पडतो का. शंका असेल तर प्लॅस्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून दिवस-दोन दिवस ठेवा, भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतच आहे. ती आधी मुळापासून बंद करा, वरच्या मजल्याच्या बाथरूममधून येत असेल तर त्यांच्याशी बोला, कारण ओलीवर कितीही भारी लांबी (म्हणजे पुट्टी) आणि रंग लावला तरी तो उचलणारच. जुनी भिंत चुन्याची असेल तर तेही रंगाऱ्याला आधी सांगा, सुटा चुना खरवडून प्रायमर मारल्याशिवाय वर इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळायचा रंग) धरत नाही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका, लांबी वाळत नाही. दसरा-दिवाळीच्या मध्ये सगळं गाव रंग काढतं तेव्हा रंगारी मिळत नाहीत, मिळाले तर घाईत असतात, त्यापेक्षा दिवाळी उरकली की डिसेंबर-जानेवारीत निवांत करून घ्या.

माप स्वतः घ्या. समजा खोली दहा बाय अकरा आणि उंची साडेनऊ फूट, तर चार भिंतींची लांबी ४२ फूट, गुणिले साडेनऊ म्हणजे ३९९, त्यातून दार-खिडकीचे चाळीसेक वजा केले की ३६० चौरस फूट भिंत उरते, सिलिंगचे ११० वेगळे. रंगाचे दोन हात (कोट) म्हणजे ७२०. एका लिटरमध्ये एका हाताला १०० ते १२० चौरस फूट धरले तर सहा ते सात लिटर रंग लागेल, डब्यावर कंपनीने लिहिलेला आकडाही बघून घ्या. रंगाऱ्याला विचारायचे प्रश्न आधीच लिहून ठेवा: रेट मटेरियलसकट का नुसता लेबरचा, दार-खिडकी मोजणार का वजा करणार, लांबीचे हात किती, घासाई आणि नंतरची साफसफाई त्यात आहे का. हे बोलणं आधीच झालं की शेवटी वाद होत नाही आणि त्यांनाही काम नीट करता येतं.

शेड ठरवताना शेड कार्डाच्या त्या बोटभर पट्टीवर भरवसा ठेवू नका. दोन किंवा तीन शेड निवडा आणि त्यांचे सगळ्यात छोटे डबे आणून मोठ्या ड्रॉइंग शीटवर दोन-दोन हात मारा, कडेला थोडा कागद कोरा सोडा. ही शीट खिडकीजवळ, कपाटाशेजारी, फरशीला टेकवून अशी फिरवत बघा. शेजारी साधा पांढरा झेरॉक्सचा कागद धरला की झाक लगेच उघडी पडते, पिवळी आहे का गुलाबी का हिरवट. दोन शेडमध्ये अडकलात तर फिकट घ्या, चारही भिंतींवर गेल्यावर रंग कार्डावर दिसतो त्यापेक्षा गडदच वाटतो. सिलिंग साधं पांढरं. फिनिश मॅट छान दिसतं पण पलंगामागच्या भिंतीवर डोक्याच्या तेलाचे डाग पडतातच, आपल्याकडे घरोघरी पडतात, म्हणून निदान ती एक भिंत धुता येणाऱ्या इमल्शनची करा किंवा तिथे उशीच्या उंचीपर्यंत एखादी सतरंजी टांगा, दिसतेही सुरेख. मशीनवर मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही आणि नंतर आणलेल्या डब्यात किंचित फरक पडू शकतो, म्हणून माप करून एकदाच घ्या.

रंगाच्या आधीच इलेक्ट्रिशियन बोलावून पिवळे पडलेले स्विच आणि प्लेटा बघून घ्या, क्रीम भिंतीवर पिवळट बोर्ड फार खटकतो. आणि दिवे! पांढऱ्या ट्यूबचा उजेड ६५०० केल्विनचा (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा), त्याच्याखाली बेज राखाडी आणि आजारी दिसतो. झोपायच्या खोलीत २७०० किंवा ३००० केल्विनचे वॉर्म व्हाइट एलईडी लावा, पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि एक कोपऱ्यात. कपाटासमोर कपडे नीट दिसायला हवेत तर तिथे ४००० केल्विनचा एक चालेल, पण तो वेगळ्या स्विचवर. एकाच वेळी पिवळा आणि पांढरा उजेड लागला की भिंतीचा रंग ठिगळं लावल्यासारखा दिसतो. नवे दिवे आधी लावा आणि त्या उजेडात ती शीट पुन्हा एकदा रात्री बघा, मगच रंगाची ऑर्डर द्या.

कापड हा माझा सगळ्यात आवडता भाग. सगळं फिकट असलं की खोली सपाट दिसायची भीती असते, ती पोत वेगवेगळे ठेवून जाते, एक गुळगुळीत, एक जाडाभरडा, एक विणीचा. पडद्यांना कोरा मांजरपाट घ्या, त्याचा मूळचा तो कच्चा पांढरा रंग विकतच्या कुठल्याही रेडिमेड बेज पडद्यापेक्षा छान असतो आणि पुण्यात लक्ष्मी रोड, मुंबईत मंगलदास मार्केट अशा ठिकाणी मीटरवर मिळतो. पण शिवायच्या आधी भिजवून, धुवून, वाळवून घ्या कारण तो आटतो. दांडी सहा फुटी असेल तर चुणीसाठी दुप्पट म्हणजे १४४ इंच रुंदी लागते, ४४ इंची पन्हा असेल तर चार पट्ट्या, सात फूट उंचीला दुमड आणि आटणं धरून पट्टीला २.६ मीटर, म्हणजे साडेदहा-अकरा मीटर कापड. दांडी खिडकीच्या चौकटीपेक्षा वर, सिलिंगच्या जवळ लावा, खोली उंच वाटते.

पलंगपोस दोन असू देत, एक धुण्यात एक अंगावर, फिकट रंगात हे लागतंच, आणि पुण्या-मुंबईची धूळ बघता अगदी पांढराशुभ्र घेऊ नका, ओटमीलसारखा किंवा मातकट बेज जास्त टिकतो. घरात आजीची जुन्या सुती साड्यांची गोधडी असेल तर तिची विटलेली बाजू वर करून पायथ्याशी घडी घाला, इतका मऊ रंग दुकानात मिळत नाही. तसंच घोंगडी. न रंगवलेल्या लोकरीची काळी-करडी घोंगडी म्हणजे आपल्या धनगरांच्या हातची, आणि क्रीम खोलीला जो एक गडद ठिपका लागतो तो ती देते. ती टोचते, म्हणून अंगावर न घेता पलंगाशेजारी जमिनीवर अंथरा, आधी दोन-चार दिवस ऊन द्या म्हणजे वास जातो, आणि कसर लागू नये म्हणून पावसाळ्यात घडी करून ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.

फर्निचरचं थोडक्यात. कपाट बदलू नका, नुसत्या मुठी बदला. सनमायका रंगवायचाच असेल तर पॉलिश पेपरने घासून आणि प्रायमर मारूनच, नाहीतर नखाने निघतो. धुण्याच्या कपड्यांसाठी बुरुडांकडची बांबूची टोपली आणा, माळ्यावर पितळी तांब्या पडला असेल तर तो खाली काढा. भिंतीवर घरातलेच दोन-तीन फोटो कृष्णधवल प्रिंट करून एकसारख्या फ्रेममध्ये. बास.

रंगकामाच्या आदल्या दिवशी पलंग खोलीच्या मध्ये ओढून जुन्या चादरींनी झाका, पंख्याच्या पात्यांना वर्तमानपत्र गुंडाळा, खिडकीच्या फ्रेमला मास्किंग टेप लावा, घासाईची धूळ कपाटात जाऊ नये म्हणून दारांच्या फटींनाही टेप लावा. घरात कोणाला दमा असेल तर घासाईच्या दिवशी त्यांची दुसरीकडे सोय करा. काम संपल्यावर निदान दोन रात्री खिडक्या उघड्या ठेवून बाहेरच्या खोलीत झोपा. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, वर कंपनीचं नाव, शेडचा कोड आणि तारीख लिहा आणि तोच कोड कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही चिकटवून ठेवा, वर्षभराने खिळ्याचं भोक बुजवायचं झालं तर शोधाशोध नको.